जॉनबोटीचं गलबत

भाचा अमेरिकेत मिसुरी राज्यात राहतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याच्याकडे गेलो, तेव्हा घरामागच्या गवतात अ‍ॅल्युमिनियमची एक होडी पालथी पडली होती. चौदा फूट लांब, तळाशी जेमतेम तीन फूट रुंद, दोन माणसं सहज उचलतील इतकी हलकी. उलटी करून सरळ ठेवली तर गुरांना पाणी पाजायची डोण वाटावी, अशी. तळ सपाट, बाजू जवळजवळ उभ्या, आणि पुढे जिथे होडीला नाळ असायला हवी तिथे नुसती वर उचललेली चौकोनी पाटी. "मामा, ही जॉनबोट," भाचा म्हणाला, "हिला आपण डेक बसवणार आहोत."

मी कोकणातला. होडीला नाळ नाही म्हणजे माझ्या लेखी ती होडीच नव्हे. पण मला खटकलं ते नाव. जॉन कोण?

तिथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारलं. प्रत्येकाने वेगळा जॉन सांगितला. कोश उघडले, तर बहुतेक कोश जॉन या नावाकडे बोट दाखवून थांबतात. त्यांच्या बोटाने माझ्या बोटीचा प्रश्न सुटेना. तिथेच असताना एका रात्री भलत्याच शब्दासाठी 'हॉब्सन-जॉब्सन' चाळत होतो. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा हा १८८६चा कोश, हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडच्या देशी शब्दांचा. त्यात 'गॅलेव्हॅट' या नोंदीवर नजर अडकली. पश्चिम किनाऱ्यावरची, वल्ह्यांनी चालणारी, कमी पाण्यात जाणारी लढाऊ होडी. म्हणजे आपलं गलबत. आणि पुढे यूलसाहेब जवळजवळ खात्रीने सांगतात की इंग्रजी आरमारातल्या 'जॉलीबोटी'ची ही सख्खी आई.

मी ताडकन उठून बसलो. गलबतातून जॉलीबोट निघत असेल, तर जॉलीबोटीतून जॉनबोट का निघू नये? आंग्र्यांच्या आरमारातलं गलबत मिसुरीच्या गवतात पालथं पडलं होतं आणि मी त्याला डोण म्हणालो होतो!

ही साखळी तपासण्याआधी जॉनबोटीची माहीत असलेली कहाणी उरकून घेतो. मिसुरी आणि आर्कान्सा यांच्या सीमेवरचा ओझार्कचा डोंगराळ मुलूख हे तिचं माहेर. तिथल्या नद्या उथळ, खडकाळ, मध्येच खळाळणाऱ्या. पाइनच्या रुंद फळ्या ठोकून वीस फुटांच्या आसपास लांबीची, सपाट तळाची होडी तिथे गावोगाव बने. पाण्यात सोडण्याआधी ती भिजत ठेवायची, म्हणजे फळ्या फुगून फटी आपोआप बुजत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली आणि गलीना गावातून ब्रॅन्सनपर्यंत मासे पकडत वाहत जायची टूम निघाली. नदीच्या वळणांनी शंभरावर मैलांचा प्रवास, पाच-सहा दिवसांचा. परतताना होड्या रेल्वेच्या डब्यावर चढवायच्या आणि सरळ रुळांवरून थोडक्यात घरी. गलीनाचा चार्ली बार्न्स हा वाटाड्या अशा होड्या बांधण्यात नावाजलेला. पुढे ब्रॅन्सनच्या जिम ओवेनने याचा मोठा धंदा केला. बुल शोल्स आणि टेबल रॉक ही धरणं झाली, टेबल रॉकचं १९५८ साली पुरं झालं, आणि वाहत्या नद्यांचे तलाव बनले. होडी मात्र तलावातही चालली.

तोवर लाकूड जाऊन अ‍ॅल्युमिनियम आलं होतं. ग्रमन या लढाऊ विमानं बनवणाऱ्या कंपनीचा एक उपाध्यक्ष, विल्यम हॉफमन, १९४४ साली अ‍ॅडिराँडॅकच्या डोंगरात लाकडी कनू खांद्यावर वाहून घामाघूम झाला. विमानाचाच पत्रा वापरला तर, असं त्याच्या मनात आलं, आणि युद्ध संपताच कंपनीने पत्र्याच्या कनू काढल्या. विमानाचे रिव्हेट होडीला लागले ते तेव्हापासून. बाकीच्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. मिसुरीतलं लेबनन गाव आज स्वतःला अ‍ॅल्युमिनियमच्या मासेमारी होड्यांची जागतिक राजधानी म्हणवतं. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. मला गोडी नावाची.

आता यूलच्या दाव्याकडे. पहिला विरोधक फार बलाढ्य आहे. इंग्रजी व्युत्पत्तीचे पंडित स्कीट यांच्या मते जॉलीबोट आली डॅनिश 'योल'वरून. उत्तर समुद्रातल्या छोट्या होडीचं हे नाव, इंग्रजीतल्या 'यॉल'चं भावंड. यात अडचण एवढीच की 'योल'चं 'जॉली' होताना सुरुवातीचा य कुठे गेला, याचा खुलासा करायला जरा कसरत करावी लागते.

दुसरा विरोधक म्हणजे एक कागद, आणि तो जास्त धोकादायक. हॉब्सन-जॉब्सनची सुधारलेली आवृत्ती विल्यम क्रूक यांनी १९०३ साली काढली. यूलच्या नोंदीखाली त्यांनी चौकटी कंसात एक टीप जोडली आहे: इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्या आरमाराच्या हिशेबवह्यांत 'जॉलीव्हॅट' हा शब्द १४९५ ते १४९७ या वर्षांतच सापडतो. वास्को द गामा कालिकतला उतरला मे १४९८ मध्ये. म्हणजे युरोपचं पहिलं जहाज मलबारला लागण्याआधीच इंग्रजांकडे जॉलीव्हॅट होती. आई जन्मायच्या आधी लेक!

हे वाचलं तेव्हा हिरमुसलो. चार दिवस त्या कोशाकडे पाहिलं नाही. मग एक गोष्ट सुचली, आणि ती सुचवली त्या कोशाच्या नावानेच. 'हॉब्सन-जॉब्सन' म्हणजे काय? मोहरममध्ये ताबुतांपुढे चाललेला 'या हसन, या हुसेन' हा पुकारा गोऱ्या शिपायांच्या कानात शिरला आणि बाहेर पडला तो दोन इंग्रज आडनावं होऊन. कान परका शब्द ऐकत नाही, आपल्याकडे आधीच असलेला शब्द ऐकतो. आपणही तेच करतो. नाही तर 'लॉर्ड'चा 'लाट' आणि 'लँटर्न'चा 'लालटेण' कसा झाला असता?

मग उलटं घडलं असेल. सतराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान निकोलस डाउंटन 'जेलीवॅट' हा शब्द वापरतो, तो स्वतःच्या जहाजाच्या लहान होडीसाठी. खोली मोजायला, किनाऱ्यावर माणसं न्यायला ती पुढे पाठवायची. हा घरून आणलेला शब्द. शे-सव्वाशे वर्षांनी इंग्रज कोकण किनाऱ्यावर आंग्र्यांशी झुंजत होते, तेव्हा 'गॅलिव्हॅट' म्हणजे चाळीस-पन्नास वल्ह्यांची तोफा लावलेली होडी. एवढी पोरसवदा होडी एकदम दाणगट कशी झाली? कोकणातल्या खलाशाने 'गलबत' म्हटलं, इंग्रजाला त्यात आपली जुनी जेलीवॅट ऐकू आली, आणि त्याने ते नाव गलबतावर चिकटवून टाकलं. शब्द त्यांचा, अर्थ आपला. म्हणजे गलबताने जॉलीबोटीला जन्म दिला नाही, दत्तक घेतलं. दत्तकाचा वारसाहक्क आपल्याकडे पूर्वीपासून मान्य आहे.

आणि खुद्द 'गलबत'? सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या जहाजांची यादी आहे, तीत गुराब या मोठ्या लढाऊ जहाजाच्या सोबतीला गलबत आहेच. पण शब्द संस्कृत नव्हे. एक मत असं की तो पोर्तुगीज 'गालिओता'वरून आला. गालिओता ही भूमध्य समुद्रातल्या गॅली घराण्यातली धाकटी. हे खरं असेल तर मजा आहे. जॉलीव्हॅटही त्याच गॅली घराण्यातली असू शकते, आणि मग दोन चुलत बहिणी दोन समुद्र फिरून मुंबईसमोर भेटल्या, असं म्हणावं लागेल. मला मात्र दुसरं मत जवळचं वाटतं: अरबी 'जल्बा'. तांबड्या समुद्रातली ही होडी. स्पेनचा यात्रेकरू इब्न जुबैर ११८३ साली हजला निघाला, ऐधाबहून जेद्दाला जल्ब्यातून गेला, आणि त्याने लिहून ठेवलं की या होड्यांना खिळा लावत नाहीत, त्या नारळाच्या काथ्याने शिवतात. काथ्या यायचा हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरून. म्हणून जल्बा हीच थोरली, असं मला वाटतं. कोकणातून काथ्या गेला असेल तर नावही त्याच वाटेने परत आलं असणार. पोर्तुगीज पक्षाचे लोक विचारतील की 'ज'चा 'ग' कसा झाला. इजिप्तच्या माणसाला विचारा. तो आजही 'जमाल'ला 'गमाल' म्हणतो.

राहिला शेवटचा दुवा, जॉलीबोट ते जॉनबोट, आणि इथे मी पातळ बर्फावर नाही म्हणणार, पण भरतीच्या वाळूवर उभा आहे हे मान्य. जॉलीबोट हा अठराव्या शतकातल्या जहाजांवरचा शब्द. जॉनबोट छापील कागदावर दिसते ती एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावर, समुद्रापासून दूर. मध्ये मोठी दरी आहे. माझी बाजू अशी. मिसिसिपीवरच्या वाफेच्या बोटी खोली तपासायला सोबत 'यॉल' नेत. म्हणजे आरमारी शब्द नद्यांतून आत शिरत होतेच. दुसरं, ओहायो नदीच्या खोऱ्यात याच होडीला 'जोबोट'ही म्हणत. एखाद्या जॉन नावाच्या सुताराने ती बांधली असती, तर जो कुठून आला? 'जॉ' एवढाच आवाज आधी होता, आणि ज्याने त्याने त्यात आपल्या ओळखीचं नाव भरलं, असं नाही वाटत? या हसन, या हुसेन.

याला विरोधी मत सरळ आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तेच जास्त पटणारं आहे. इंग्रजीत साध्यासुध्या, कोणाच्याही वस्तूला जॅक किंवा जॉनी चिकटवायची जुनी खोड आहे. जॅकनाइफ, जॉनीकेक. आपण कसं कुणाही अनोळखी माणसाला 'अमका' म्हणतो, तसं. त्या न्यायाने जॉनबोट म्हणजे कुणाचीही होडी. एवढी गरीब की तिला खास नाव द्यायची कुणाला गरज वाटली नाही. माझी साखळी याने तुटते. पण पुढे जे झालं त्याने ती मला पुन्हा जोडावीशी वाटली.

डेक बसवायचा ठरला होता तो मागच्या-पुढच्या बाकांच्या उंचीवर. उभं राहून गळ टाकता यावा म्हणून. भाच्याने आधी मधला बाक कापायची तयारी केली. मी अडवलं नाही, त्याच्या शेजाऱ्याने अडवलं. बाकाच्या पोटात फोम भरलेला असतो, होडी पाण्याने भरली तरी तरंगावी म्हणून. शिवाय तो बाकच दोन्ही बाजूंना ताणून धरतो. मग लाकडाचा प्रश्न. पाऊण इंची प्लायवूडचा चार बाय आठचा एक ताव पंचवीस-तीस किलोंचा. असे दोन ताव गुडघ्याएवढ्या उंचीवर चढवले की सपाट तळाची, तीन फुटी होडी उभ्या माणसाखाली डुलायला लागणार. मागच्या पाटीवर किती माणसं आणि किती वजन, हे कोरलेली पट्टी असते. डेक, बॅटरी आणि मोटर मिळून त्यातलं बरंच खाऊन टाकतात. पावसात टिकावं म्हणून औषध पाजलेलं लाकूड घ्यावं, तर त्यातलं तांबं ओल्या अ‍ॅल्युमिनियमला लागून पत्र्याला भोकं पाडतं. शेवटी अ‍ॅल्युमिनियमच्या कोनपट्ट्यांचा सांगाडा केला, वर अर्धा इंची प्लाय, रंगवून, कडा बंद करून.

रात्री रिव्हेट मारून हात दुखत असताना मला रॉबर्ट ओर्म आठवला. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या लढायांचा हा इतिहासकार. त्याने आंग्र्यांच्या गलबतांचं वर्णन केलं आहे. मोठ्यात मोठं सत्तर टनांच्या आत. वल्हवलं तर तासाला चार मैल. वारा पडला की ही गलबतं गुराबांना ओढत नेत. आणि बहुतेक गलबतांवर डेक असे तो चिरलेल्या बांबूंचा. का? तर हलकं राहावं म्हणून. त्यावर कठड्यात फिरत्या लहान तोफा. जड, पक्का डेक फक्त सर्वांत मोठ्यांनाच. विजयदुर्गाच्या खाडीत बसून कुणी कोकणी सुताराने तेच गणित केलं होतं: उथळ पाणी, हलकी होडी, वर उभे राहून नेम धरणारे लोक. वरचं वजन वाढलं की होडी उलटते. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार त्याच खाडीत जाळलं, त्यात असे किती बांबूचे डेक गेले असतील.

मी भाच्याला हे सगळं सांगितलं. तो मोटरची वायर जोडत होता. "म्हणजे मामा, बांबू चालला असता?" एवढंच त्याने विचारलं. चालला असता, असं मला अजूनही वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी मी मागच्या पाटीवर निळ्या रंगाने, ठळक देवनागरीत 'गलबत' असं लिहिलं. नाळेच्या जागी त्या राज्याचा नोंदणी क्रमांक होता, त्यामुळे जागा तेवढीच उरली होती. अ‍ॅल्युमिनियमवर रंग धरायला आधी खास प्रायमर लागतो, हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायला मी थांबलो नाही. गेल्या महिन्यात भाच्याने फोटो पाठवला. पहिली दोन अक्षरं सोलून गेली आहेत. 'बत' तेवढं शिल्लक आहे. वाचून दाखवलं की तिथल्या लोकांना ते 'बोट' ऐकू येतं म्हणे.