कोपऱ्यावरचा इराणी

अंधेरी स्टेशनातून बाहेर पडलो की आमची पावलं आपोआप कोपऱ्यावरचा इराणी शोधू लागतात. तसे कोपरे आता थोडेच उरलेत.

इराणी हॉटेलवाला म्हणजे पारशी, असा समज आपल्यातही आहे. तो अर्धाच खरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्दकडची जी गरीब माणसं मुंबईत आली, त्यांत जरथुष्ट्री होते तसे शिया मुसलमानही होते. डोंगरीतली १८६० सालची मुघल मशीद इराण्यांचीच. १९२८ मध्ये विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली, उपनगरं वाढली. १९३८ साली वांद्र्यात 'लकी' उघडलं.

तो काळ स्टेशनावर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' वेगळं मिळण्याचा. इराण्याच्या भिंतीवर नियमांच्या पाट्या भरपूर असत. जात सांगा, अशी पाटी नव्हती.

याच अंधेरीत आम्ही भाड्याची खोली बघायला गेलो होतो. दलालानं आधी नाव विचारलं, मग खोली कालच गेली म्हणाला. परतताना इराण्याकडे टेकलो. त्यानं एवढंच विचारलं, "पानी कम?"