बावीस क्रमांकाचा दरवाजा

एका संगणकाच्या दप्तरातील दस्तऐवज दूरच्या संगणकाच्या दप्तरी कोणत्या संकेतांनी रवाना करावा, याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडलेले हे गृहस्थ त्या वेळी अमेरिकेत एमआयटीमध्ये होते, आणि त्यांची ही पद्धती पुढे एफटीपी या नावाने जगभर रूढ झाली. वापरकर्त्याने नाव सांगून परवलीचा शब्द द्यावा, ही तिची रीत. परंतु तो शब्दही तारेवरून उघड्या अक्षरांतच जाई. यास गाफीलपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावर तेव्हा मोजक्या विद्यापीठांचे व संशोधनसंस्थांचेच संगणक होते, आणि घरोब्याच्या आळीत कुलपे कोण विकत घेतो? आश्चर्य वाटते ते पुढच्या काळाचे. दोन अपरिचितांनी उघड्या मार्गावरच आपसांत गुप्त किल्ली कशी ठरवावी, हे डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्येच दाखवून दिले होते. तरीही पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी १९८५ मध्ये एफटीपीची सुधारलेली नियमावली सिद्ध केली, तेव्हा परवलीचा शब्द पूर्ववत उघडाच राहिला.

अखेर चोरीनेच जाग आणली. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी गुप्तपणे बसविलेल्या एका प्रोग्रामने हजारो परवलीचे शब्द टिपले, आणि तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी, संभाषणाचा अथपासून इतिपर्यंतचा मजकूर कूटबद्ध करणारी एसएसएच ही पद्धती अल्पावधीतच रचली. संगणकावरील अशा प्रत्येक सेवेला जाळ्यातून आत येण्यासाठी ठरावीक क्रमांकाचा दरवाजा, म्हणजे पोर्ट, नेमून दिलेला असतो. एफटीपीचा दरवाजा २१ क्रमांकाचा, दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या टेलनेटचा २३ क्रमांकाचा. मधला २२ रिकामा होता. तो आपणांस मिळावा असा अर्ज युलोनेन यांनी जुलैमध्ये हे क्रमांक वाटणाऱ्या यंत्रणेकडे केला, आणि तो मंजूर झाल्याचे पत्र आले ते, योगायोग असा की, त्याच जॉइस रेनॉल्ड्स यांच्याकडून. अनोळखी यंत्राशी प्रथम गाठ पडताच ही पद्धती त्याच्या किल्लीचा ठसा दाखवून रुजुवात करावयास सांगते. बहुतेक मंडळी तो न वाचताच होकार देतात, ही गोष्ट निराळी.

एसएसएचच्या आधारे दस्तऐवज पाठविणारी एसएफटीपी त्यानंतर आली, तर एफटीपीला क्रोम आणि फायरफॉक्स यांनी २०२१ मध्ये आपल्या दारातून निरोप दिला. एसएफटीपीची कहाणी मात्र विलक्षण आहे: इंटरनेटच्या मानकमंडळापुढे तिच्या मसुद्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या गेल्या, अखेरच्या मसुद्याची मुदत संपली, मंजुरीचा शिक्का काही उमटला नाही, आणि ओपनएसएसएचसारखा सर्वत्र प्रचलित प्रोग्राम आजही तिच्या तिसऱ्या आवृत्तीवरच, केवळ वहिवाटीच्या हक्काने, कारभार चालवितो.