वाड्यातली रहस्यकथा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत रहस्यकथा विकत घ्यायची पद्धत नव्हती. ती भाड्यानं आणायची. मी शाळकरी होते तेव्हा निवृत्ती चौकातून उभ्या मारुतीकडं जाताना एका अरुंद गाळ्यात अशी पुस्तकं मिळायची. फळ्यांचा दरवाजा, आत जमिनीपासून छतापर्यंत मांडण्या, आणि पुढं एक पेटी घेऊन बसलेले मालक. थोडी अनामत ठेवायची आणि मग रोजाच्या भाड्यानं पुस्तक न्यायचं. उशीर झाला की भाडं चढायचं. म्हणून एकानं आणलेलं पुस्तक रात्रीत तिघं वाचून काढायची. आमच्याकडं आधी आत्या वाचायची, मग चुलतभाऊ, आणि सकाळी दुकान उघडायच्या आत उरलेली पानं मी.

त्या पुस्तकांची बांधणी मला अजून आठवते. नवं पुस्तक आलं की मालक त्याला जाड पुठ्ठा लावत, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं टाचत आणि पाठीला कापडाची पट्टी चिकटवत. टाचण इतकी आत जायची की डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची अक्षरं आणि उजव्या पानावरची पहिली अक्षरं शिवणीत गडप व्हायची. ती वाचणाऱ्यानं मनानंच भरायची. पेठेतल्या कित्येकांचं वाचन असं अर्ध्या अक्षरांवर वाढलं. मांडणीवरच्या नावांत सगळ्यात मोठा वाटा एकाच माणसाचा होता, बाबूराव अर्नाळकर.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६चा, मृत्यू १९९६चा. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही माणसं आमच्या तालमीतल्या पोरांना नात्यातल्या माणसांइतकी ठाऊक होती. धनंजय-छोटू ही जोडी शेरलॉक होम्स आणि डॉक्टर वॉटसन यांच्या वळणाची. झुंजार आणि काळा पहाड मात्र कायद्याच्या कुंपणावर उभे राहून न्याय करणारे. पेठेला हे दोघे जास्त जवळचे वाटायचे. लाल मातीत घुमणाऱ्या पोरांना खुर्चीत बसून विचार करणारा गुप्तहेर रुचत नाही. त्यांना अंगावर धावून जाणारा, वेश पालटणारा, भुयारातून निसटणारा माणूस हवा असतो. जुन्या राजवाड्यापासून पन्हाळ्यापर्यंत भुयार आहे असं आमच्याकडची म्हातारी माणसं छातीठोक सांगायची. त्यामुळं पुस्तकातल्या भुयारावर कुणाचाच अविश्वास नव्हता.

अर्नाळकरांच्या मागून गुरुनाथ नाईक आले. मूळचे गोव्याचे. त्यांनीही हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. कॅप्टन दीप, मेजर अविनाश भोसले ही त्यांची माणसं. पुण्यातून सुहास शिरवळकर आले. त्यांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद हे बोलण्यात आणि वागण्यात शहरी होते. कॉलेजातली पोरं त्यांच्या वेडानं पुस्तकं राखून ठेवायला सांगत. दर महिन्याला नवे संच निघत आणि भाड्याच्या दुकानांना ते लागतही. वाचक एका रात्रीत पुस्तक संपवून दुसऱ्या सकाळी नवं मागणार, म्हणजे लेखकानंही त्याच वेगानं लिहायला हवं. मराठी रहस्यकथेचं बळ आणि तिची उणीव, दोन्हीचं मूळ मला या भाड्याच्या व्यवहारात दिसतं. या वेगात पाठलाग लिहिता येतो. पंधराव्या पानावर सहज टाकलेल्या एका वाक्याचा अर्थ दीडशेव्या पानावर उलगडायचा, तर मागं जाऊन पुन्हा लिहावं लागतं, आणि तेवढी सवड या लेखकांना कुणी दिली नाही. हजार पुस्तकं लिहून लाखो माणसांना वाचायला शिकवणाऱ्या लेखकांबद्दल मला अपार आदर आहे. पण कोड्याची रहस्यकथा आपल्याकडं पुरती रुजली नाही, हेही तितकंच खरं आहे.

ही कोड्याची रहस्यकथा दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये भरात आली. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या इस्पितळातल्या औषधालयात काम करायची. विषं, त्यांची मात्रा, कोणतं औषध कशात मिसळलं की तळाशी बसतं, हे ती तिथं शिकली, आणि १९२० साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत तिनं स्ट्रिक्निनचा खून रचला. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूनं रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीलाच वाचकाला भेटलेला असावा, कुणाला माहीत नसलेलं विष वापरू नये, गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, अशी ती यादी. त्यात एक नियम असाही आहे की गुप्त खोली किंवा चोरवाट एकापेक्षा जास्त असू नये. पन्हाळ्याच्या भुयारावर वाढलेल्या मला तो नियम पहिल्यांदा वाचताना फार कडक वाटला होता.

या परंपरेतली जी शाखा मला जिवाभावाची वाटते ती घरगुती रहस्यकथेची. खून होतो, पण रक्त दाखवत नाहीत. जागा लहान असते, सगळे एकमेकांना ओळखतात, आणि शोध घेणारं माणूस पोलीस खात्यातलं नसतं. ख्रिस्तीची मिस मार्पल ही या शाखेतली थोरली बाई. १९२७ साली ती एका लघुकथेत पहिल्यांदा आली, आणि १९३०च्या कादंबरीत तिचं गाव, सेंट मेरी मीड, वाचकांसमोर उभं राहिलं. तिच्याही आधी, १९२६ सालच्या रॉजर ॲक्रॉइडच्या कादंबरीत, डॉक्टरची एक अविवाहित बहीण आहे, कॅरोलाइन शेपर्ड. ती घराबाहेर फारशी पडत नाही, पण गावातली प्रत्येक बातमी तिला आधी कळते. मार्पल या बाईतूनच उगवली असावी, असं ख्रिस्तीनं पुढं आत्मचरित्रात सांगितलं.

मार्पलची पद्धत मला विलक्षण वाटते. ती भिंगानं ठसे पाहत नाही. समोरच्या माणसाचं वागणं बघून तिला गावातलं कुणीतरी आठवतं. हा देखणा तरुण अगदी त्या मासळीवाल्याच्या पोरासारखा हसतो, आणि त्या पोरानं हिशेबात घोळ केला होता. एवढ्यावरून ती धागा पकडते. आता आमच्या आत्याचं ऐका. वाड्याच्या जोत्यावर तांदूळ निवडत बसायची आणि गल्लीतून जाणाऱ्या माणसावर एक नजर टाकून म्हणायची, "ह्यो बघ, त्येच्या थोरल्या मामावर गेलाय. त्यो बी असंच खाली बघून चालायचा, आनि वाटणीत भावाला फशिवलंन." शेजारच्या काकी लगेच दुसरं उदाहरण द्यायच्या. सेंट मेरी मीड माझ्या आत्यानं ऐकलं नव्हतं, पण ती आयुष्यभर त्याच तर्कशास्त्रानं चालली, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरली.

मग आपल्या रहस्यकथेत आत्या का आली नाही? माझ्या मते, आपण होम्सकडून गुप्तहेर घेतला आणि त्याला मुंबईत नेऊन ठेवलं. बंगला, मोटार, क्लब, समुद्रकिनारा हेच रहस्याचं ठिकाण मानलं गेलं. पेठ, वाडा, आळी यांना रहस्य असू शकतं हे लेखकांच्या मनातच आलं नाही. सौम्य रहस्यकथा आपल्याकडं टिकली ती मुलांच्या पुस्तकांत. भा. रा. भागवतांचा बनेश उर्फ फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्याला शिकायला येतो, सायकलवर फिरतो आणि आसपासच्या चोऱ्या-लबाड्या उघड्या पाडतो. फास्टर फेणेच्या त्या वीस पुस्तकांत गाव आहे, वसतिगृह आहे, ओळखीची माणसं आहेत. पुढं अशोक जैनांनी सत्यजित राय यांचा फेलूदा मराठीत आणला, तोही त्याच गोत्रातला. मोठ्यांसाठी मात्र आपण भालबा केळकरांनी आणलेल्या होम्सवर आणि मधुकर तोरडमलांच्या ख्रिस्ती अनुवादांवर तहान भागवली. रंगभूमीवर 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधल्या प्रोफेसर बारटक्क्यांनी हसवणारे तोरडमल उतारवयात बसून ख्रिस्तीच्या एकामागून एक कादंबऱ्या मराठीत आणतात, या मेहनतीची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही याचं मला वाईट वाटतं.

कोल्हापुरात मात्र एक माणूस असा होता की ज्याच्याकडं पेठेच्या रहस्याचं खरं भांडवल होतं. बाबा कदम. वीरसेन आनंदराव कदम, जन्म १९२९, मृत्यू २००९. ते सरकारी वकील होते. फिर्याद, पंचनामा, साक्षीदाराचं फिरणं, उलटतपासणीत सुटलेला एक शब्द, हे सगळं त्यांनी कोर्टात उभं राहून पाहिलेलं. 'प्रलय', 'इन्साफ', 'भालू', 'जस्टिस देवकी' या त्यांच्या कादंबऱ्यांनी भाड्याच्या दुकानांत अर्नाळकरांच्या शेजारची मांडणी बळकावली. आमच्याकडं बायका बाबा कदम वाचायच्या आणि ते लपवायच्या नाहीत, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. ते कोड्याचे लेखक नव्हते. त्यांचा जीव प्रेमात, सूडात आणि न्यायात होता. पण गुन्हा कुठून येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तो वाचकाला ओळखीचा वाटायचा.

कारण कोल्हापुरातला गुन्हा बहुधा उंबऱ्याच्या आतूनच निघतो. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्या सुमारास आणि पुढच्या दशकात कूळकायदा आला, इनामं-वतनं गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकत्र असलेल्या घरांना एकाएकी कागद लागू लागले. सात-बाऱ्यावर नाव कुणाचं, परड्यातल्या विहिरीवर हक्क कुणाचा, दत्तक कधी घेतला, मृत्युपत्रावर अंगठा उमटला तेव्हा म्हातारा शुद्धीवर होता का? ख्रिस्तीच्या निम्म्या खुनांमागं वारसाहक्क आहे. आमच्या पेठेत तो प्रत्येक वाड्याच्या भिंतीत आहे.

म्हणून मी पेठेतल्याच रहस्यकथा लिहिते. शिक्षकी संपल्यावर सुरुवात केली, काही दिवाळी अंकांत आल्या. माझा शोध घेणारी बाई जोत्यावरची आहे, वय झालेली, गुडघे दुखणारी. जुना राजवाडा पोलीस ठाण्यातला फौजदार तिला आधी टाळतो आणि मग चहाला येतो. लिहिताना मला कळलं की वाडा या कथेसाठीच बांधल्यासारखा आहे. आत यायला एकच दिंडी दरवाजा, मधे चौक, चौकाभोवती बिऱ्हाडं, माडीवर जायला करकरणारा लाकडी जिना. रात्री कोण उतरलं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि प्रत्येकजण ते वेगळ्या माणसाचं पाऊल समजलेला असतो. दुवे शोधायला लांब जावं लागत नाही. नळाला पाणी पहाटे येतं, तेव्हा घागरी कोणी भरल्या नाहीत? गवळ्याच्या हिशेबाच्या वहीत त्या दिवशी दुधाचा खाडा का? तालमीतला दिवा उशिरापर्यंत का जळत होता? खंडोबा तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की सगळी पेठ शाहू स्टेडियमवर असते. त्या दुपारी जो घरी राहिला त्यानं कारण द्यायलाच हवं.

नॉक्सचे नियम मी पाळते. खुनी पहिल्या काही पानांत वाचकाला भेटतो, बहुधा हातात चहाचा कप घेऊन. आत्याला दिसलेलं सगळं वाचकालाही दिसतं. विष असेल तर शेतीच्या दुकानात मिळणारं, सगळ्यांना माहीत असलेलं. आणि शेवटी न्याय होतो, पण त्या घरात उरलेल्या सुनेला, पोरांना उद्या त्याच चौकात पाणी भरायचं असतं, हे मी विसरत नाही. घरगुती रहस्यकथा हलकी असते असं म्हणणाऱ्यांनी हा उद्याचा दिवस लिहून बघावा.

वाडे आता झपाट्यानं पडताहेत. जोती गेली, तिथं पार्किंग आलं. भाड्याच्या पुस्तकांची दुकानंही एकेक करून बंद झाली, त्यांतली पुस्तकं रद्दीच्या भावानं गेली. स्वस्त कागदावर छापलेली ती पुस्तकं आधीच पिवळी पडून तुटत होती, आणि साहित्याच्या इतिहासात त्यांना मानाचं पान कधी मिळालं नाही, म्हणून ती जपण्याची गरजही कुणाला वाटली नाही. पण एका मोठ्या वाचकवर्गाची घडण त्या पुस्तकांत आहे.

तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजीच्या कपाटात कापडी पाठीचं, दोऱ्यानं टाचलेलं असं एखादं पुस्तक असेल. झुंजार असेल, बाबा कदम असतील, किंवा नावही आठवत नाही असा एखादा लेखक असेल. ते रद्दीत घालू नका. कोल्हापुरात १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, तुमच्या गावातही जुनं वाचनालय असेल. तिथं नेऊन द्या, घेत नाही म्हणाले तर जरा हट्ट धरा, आणि देण्याआधी एकदा वाचून काढा.