शीट म्हणजे चादर नव्हे

आमचे धाकटे मामा बोटीवर होते. सुट्टीत घरी आले की संध्याकाळी दोन पेग झाल्यावर आईला म्हणायचे, "ताई, काळजी नको, अजून एकच शीट सुटलीय!" आम्ही पोरं खिदळायचो. शीट म्हणजे चादर एवढंच आम्हाला ठाऊक. चादरीचा आणि दारूचा संबंध काय, हे विचारायचं काही सुचलं नाही.

तर मंडळी, शीट म्हणजे चादर नव्हे आणि शीडही नव्हे. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेली दोरी म्हणजे शीट. ती ताणून बांधली की शीड वारा धरतं, सुटली की नुसतं फडफडतं. अशा तीन दोऱ्या सुटलेलं जहाज झोकांड्या खात जाणार, दुसरं काय! 'थ्री शीट्स इन द विंड' हा प्रयोग १८२०च्या दशकापासून छापील इंग्रजीत दिसतो. 'इन'चं 'टू' पुढे झालं.

पण मला सगळ्यात आवडते ती 'ग्रॉगी'ची गोष्ट. ब्रिटिश आरमाराने १६५५ साली जमैका घेतलं आणि जहाजांवर हळूहळू रम शिरली. बिअर पिंपात आंबायची, रम टिकायची, हा साधा हिशेब. पुढे माणशी रोज अर्धा पिंट, म्हणजे पाव लिटरच्या आसपास कोरी रम मिळू लागली. रोज! आणि ती एका दमात घशाखाली घालण्यात मर्दुमकी. अ‍ॅडमिरल एडवर्ड व्हर्ननने २१ ऑगस्ट १७४० रोजी हुकूम काढला: अर्ध्या पिंटात एक क्वार्ट, म्हणजे साधारण लिटरभर पाणी घालायचं, तेही डेकवर, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यासमोर, आणि दिवसातून दोन वेळा वाटायचं. व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घालायचा म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. पाणचट रमचं नावही मग ग्रॉग पडलं, आणि ती पिऊन डुलणारा तो ग्रॉगी. (आमच्या घरचा व्हर्नन म्हणजे आई. बाटली तिच्या कपाटात कुलपात असायची, आणि ती ग्लासात पाणी ओतताना मामा तोंड वाकडं करायचे.)

एक गोष्ट मात्र खटकते. रम द्यायचं सरकारने, आणि चढली की त्याच सरकारच्या नावाने चाबकाचे फटके. किनाऱ्यावरचे लोक मात्र या म्हणी वापरून हसत राहिले.

या कहाणीत आपला किनाराही आहे. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात या भागात होता. त्याच्या १६९८च्या पुस्तकात गोव्यातल्या नेरूळच्या उत्तम अरकाचा उल्लेख आहे. इंग्रज त्यापासून जे पेय करत, त्याचं नाव पाच जिनसांवरून 'पंच' पडलं असं तो सांगतो. अरक, लिंबू, साखर, पाणी, मसाला अशी मोजदाद सहसा देतात. काही कोशकार हा शब्द 'पंचन' या पिंपाच्या नावावरून आला म्हणतात. माझं मत अर्थातच पाचाच्या बाजूने, पण त्यात थोडा घरचा अभिमान आहे हे कबूल.

ब्रिटिश आरमाराचा रतीब १८२४ साली निम्मा झाला, १८५०च्या सुमारास पुन्हा निम्मा, आणि ३१ जुलै १९७० रोजी कायमचा थांबला. त्या दिवशी कित्येक खलाशांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या. यंत्रं आणि क्षेपणास्त्रं चालवणाऱ्याच्या पोटात दुपारी रम असणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

मामा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले. डॉक्टरांनी यकृताचं कारण सांगितलं. शेवटच्या महिन्यात चालताना ते भिंतीला धरून चालायचे, आणि तेव्हा प्यायलेले नसायचे. आई मागे मागे असायची, हात न लावता.