सांगितलेला भाव आणि पडलेला भाव : कॉटन ग्रीनच्या कापूस-सौद्याविषयी काही विचार

वस्तू विकत घेऊन आलेल्या माणसास मराठीत "ती केवढ्याला पडली?" असे विचारण्याची रीत आहे. ह्या प्रश्नात विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीची चौकशी नसते; सूट, वजावट, हमाली, दलाली, व्याज हे सर्व जमेस धरून अखेरीस पदरचे किती गेले, एवढेच विचारावयाचे असते. सांगितलेला भाव व पडलेला भाव यांतील हे अंतर बाजाराच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे, परंतु बहुधा दुर्लक्षित राहिलेले अंग होय. ते अंतर कोण ठरवितो, केव्हा ठरवितो व कोणत्या शब्दांत ठरवितो, हे पाहिले म्हणजे त्या बाजाराची सूत्रे कोणाच्या हाती आहेत ते कळून येते. ह्या दृष्टीने मुंबईच्या कापूस-बाजाराचा, आणि त्याने ज्या स्थळास आपले नाव दिले त्या कॉटन ग्रीनचा, विचार येथे कर्तव्य आहे.

'कॉटन ग्रीन' हे नाव मूळचे शिवडीकडील नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोटातील टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानावर, म्हणजे 'बाँबे ग्रीन'वर, कापसाचे ढीग पडत. १८४४ साली हा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला आणि 'ग्रीन' हा शब्दही त्याच्याबरोबर गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला, तेव्हा ह्याच कुलाब्याच्या बाजारात अभूतपूर्व तेजी आली. युद्ध संपताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी शेअरांच्या वायद्यांची मुदत भरली आणि अनेक पेढ्या बुडाल्या. पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी ह्या पट्ट्यात समुद्र हटवून भराव घातला, तेथे कापसाची गोदामे बांधली आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बाजार कुलाब्याहून तेथे आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची गाडी बंदर-मार्गाने धावू लागली. अशा रीतीने कोटातील एका मैदानाचे नाव दोन स्थलांतरे करून भरावाच्या जमिनीवर स्थिरावले. तेथे हिरवळ कधीच नव्हती. नाव जागेचे राहिले नव्हते, बाजाराचे झाले होते.

शिवडीस जो माल विकला जाई तो शेतकऱ्याचा कापूस नव्हे, तर सरकी काढून गाठीत दाबलेली रुई. वऱ्हाड-खानदेशातील शेतकरी व मुंबईतील गिरणी यांच्यामध्ये गावचा खरेदीदार, जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना, आडत्या, मुकादम व दलाल अशी साखळी उभी असे. गिरणीचा जाणकार गाठीतून नमुना काढी, धाग्याची लांबी बोटांनी ओढून पाही, रंग व कचरा पारखी आणि मग भावाची घासाघीस सुरू होई. भाव खंडीवर बोलला जाई. कापसाची मुंबई खंडी ७८४ पौंडांची, आणि ३९२ पौंडांची गाठ म्हणजे बरोबर अर्धी खंडी. परंतु भाव ठरला म्हणजे किंमत ठरली असे होत नसे. माल 'पास' व्हावयाचा राही. तो नमुन्याप्रमाणे न उतरल्यास बट्टा कापला जाई. ओल, कचरा व बारदान यांच्या नावाने वजनात घट धरली जाई.

ह्या वजावटींचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी एक कल्पित उदाहरण पुरेसे आहे. खंडीस ८ पौंड कडता धरला, तर बोललेल्या भावात एका पैचाही फरक न पडता विकणाऱ्याचे उत्पन्न सुमारे एक टक्क्याने घटते. भाव कमी करा म्हटले तर विक्रेता सावध होतो. कडता मात्र 'रिवाज' म्हणून मुकाट्याने मान्य करतो. भाव ही वाटाघाटीची गोष्ट, तर रिवाज ही वाटाघाटीपलीकडची, अशी समजूत असल्यामुळेच खरी वाटाघाट रिवाजाच्या आडून होत असे.

मुंबईबाहेरच्या बाजारपेठांत ही स्थिती अधिक बिकट होती. तेथे घेणारा व विकणाऱ्याचा आडत्या रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत; ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्यास भाव ऐकू येत नसे, कारण तो बोललाच जात नसे. त्यावर तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नाना नावांनी कापाकापी होई. ह्या प्रकारास आळा घालण्याचा पहिला प्रयत्न मुंबईत नव्हे, तर वऱ्हाडात झाला, हे लक्षात ठेवले पाहिजे. १८८६ साली कारंजा येथील बाजार नियंत्रणाखाली आणण्यात आला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. मुंबई इलाख्याचा कापूस-बाजार कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९२७ मध्ये आला व त्याखालील पहिला बाजार १९३० साली धुळ्यास स्थापन झाला. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात अशा नियंत्रित बाजारांचा जोरदार पुरस्कार केला. ह्या सर्व सुधारणांचे मर्म एका वाक्यात सांगता येते: भाव मोठ्याने बोलला जावा आणि वजावटी आधी लिहिलेल्या असाव्यात.

मुंबईत हाच प्रश्न वायद्याच्या व्यवहारात वेगळ्या रूपाने उभा राहिला. १८७५ मध्ये मुख्यतः युरोपीय निर्यातदारांची बाँबे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली. १८९३ मध्ये बाँबे कॉटन एक्स्चेंज निघाले. पुढे आणखी संस्था निघाल्या आणि प्रत्येकीचे नियम निराळे झाले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सट्टा अनावर झाला, तेव्हा सरकारने १९१८ मध्ये समिती व १९१९ मध्ये मंडळ नेमून व्यवहारांवर नियंत्रण आणले. १९२१ मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनची नोंदणी झाली आणि १९२२ च्या कायद्याने तिला अधिकृत स्थान मिळाले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास हे दीर्घ काळ तिचे अध्यक्ष होते. प्रत्यक्ष मालाचे सौदे शिवडीस, तर वायद्याचे प्रामुख्याने काळबादेवीकडील मारवाडी बाजारात, अशी कामाची वाटणी पुढे रूढ झाली.

वायद्याचा करार एका ठरावीक जातीच्या व प्रतीच्या रुईवर होई. भडोच व उमरा हे असे दोन प्रमुख वायदे होते. मुदतीस मात्र विक्रेता तीच रुई देईल असे नव्हते. नियमांत बसणारी दुसरी रुईही त्यास देता येई. ती सरस असल्यास भावात भर पडे, निरस असल्यास वजावट होई. ह्यांस बाजारात 'ऑन' व 'ऑफ' म्हणत. समजा, वायदा खंडीस ५०० रुपयांचा आहे व हलक्या मालाची वजावट ३० रुपये ठरली आहे. प्रत्यक्ष बाजारात त्या मालातील तफावत ५० रुपयांची असेल, तर तोच हलका माल देण्याचा मोह विक्रेत्यास होणार व घेणाऱ्याच्या पदरी खंडीमागे २० रुपयांची नुकसानी येणार. तफावत केवळ १५ रुपयांची असेल, तर तो माल देण्यास कोणी धजणार नाही. म्हणजे भावाच्या चढाओढीत जे मिळाले ते वजावटीच्या कोष्टकात गमावता येत असे.

येथे एक खरा पेच होता. कोष्टक पुष्कळ आधी ठरवून ठेवले, तर हंगाम बदलताच ते खोटे पडे. मुदतीच्या तोंडावर ठरविले, तर ज्यांचे हितसंबंध गुंतले आहेत तेच ते आपल्याकडे ओढू पाहात. पात्र मालाची कक्षा आकुंचित ठेवल्यास एखादा धनाढ्य सटोडिया सर्व माल उचलून बाजाराची कोंडी करू शके. ती विस्तृत केल्यास घेणाऱ्यास काय पदरात पडेल याची खात्री उरत नसे. १९४० च्या दशकात स्वतंत्र वायद्यांच्या जागी खानदेशातील जरीला रुईवर आधारलेला एकच भारतीय कापूस-करार प्रचारात आला, तरीही हा पेच सुटला नाही. तो नियमांनी सुटण्यासारखा नव्हताच. तो कोणी सोडवावयाचा, एवढेच नियम ठरवू शकत होते.

ह्या इतिहासाची साक्ष बाजाराची भाषा देते. सौदा करणारी माणसे व व्यवहार यांचे शब्द — सौदा, दलाल, मुकादम, वायदा — फारसी-अरबी वळणाचे आहेत. माप व वजावट यांचे शब्द — खंडी, गाठ, कडता, घट — घरगुती बोलीत रुळलेले आहेत. निवाड्याचे शब्द मात्र — पास, टेंडर, सर्व्हे, अपील — इंग्रजी. भाव कोण करतो, तूट कोणावर पडते आणि तंटा कोणापुढे जातो, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे जणू ह्या तीन थरांत विभागली गेली आहेत. स्थलनामांचीही तीच गत झाली. अमरावतीचे 'उमरा' झाले व त्या नावाखाली खानदेशचा कापूसही विकला जाऊ लागला. लँकेशायरमध्ये सर्व हिंदी कापसास 'सुरत' म्हणत. टंचाईच्या दिवसांत तो शब्द एवढा हीन ठरला की १८६३ मध्ये तेथील बीअर गाळणाऱ्या एका पेढीने आपणांस 'सुरत' म्हटल्याबद्दल अब्रुनुकसानीचा दावा लावला. मराठीत 'बट्टा' म्हणजे किमतीतील कपात, आणि नावास लागतो तोही बट्टाच. मालाची वजावट आणि माणसाची नामुष्की एकाच शब्दात सामावली आहे, हे विक्रेत्याच्या बाजूने पाहिल्यास सार्थ वाटते.

असोसिएशनच्या स्थापनेने वजावटी लिखित झाल्या, तंटे पंचांपुढे गेले, व हा लाभ थोडा नव्हे. परंतु कोष्टक ज्यांच्या समित्यांत ठरे ते व्यापारी, निर्यातदार, गिरणीवाले व दलाल होते. वऱ्हाडातील शेतकऱ्याचा कापूस शिवडीस पोहोचेपर्यंत त्याचा राहिलेला नसे. तरीही तेथील प्रत्येक वजावटीची अपेक्षा धरूनच गावचा खरेदीदार आपला भाव देई. 'भाव पडला' ह्या शब्दांचा शहरी गिऱ्हाइकाच्या तोंडी एक अर्थ होतो, तर कापूस पिकविणाऱ्याच्या तोंडी अगदी दुसरा. गुप्त वाटाघाट उघड झाली, पण वाटाघाटीस कोण बसणार हा प्रश्न शिल्लकच राहिला.

१९६६ मध्ये कापसाच्या वायद्यांवर बंदी आली; १९७२ पासून सुमारे तीन दशके महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी योजना चालली; १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक निमाल्या. कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया हे नवे नाव धारण केलेली जुनी संस्था आजही कॉटन ग्रीनच्या इमारतीतून रुईचे भाव जाहीर करते, आणि ते खंडीवरच बोलले जातात.

तथापि सांगितलेला व पडलेला भाव यांचे द्वंद्व कापसाबरोबर संपले नाही. मोटारगाड्यांची टंचाई होती त्या काळी कारखान्याच्या किमतीवर जास्तीची रक्कम मोजून गाडी मिळवावी लागे, आणि मुंबईत अशा वरच्या रकमेस 'ऑन' हाच शब्द रूढ होता. आज माल वाहण्यासाठी पिकअप घेणाऱ्यास उलट अनुभव येतो: विक्रेता सणाची सूट, जुन्या गाडीच्या बदल्यातील बोनस, कर्ज व विमा यांची सांगड घालून महिन्यागणिक बदलणारे 'ऑफ' पुढे करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा करातील ही घट आणि विक्रेत्याची स्वतःची सूट वेगवेगळी ओळखणे हेच ग्राहकाचे पहिले काम झाले. सूट बदलती असेल तर ती कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखेपर्यंत व कोणत्या अटीवर, हे लेखी मागणे हाच त्यावर उपाय होय. कारंज्याच्या बाजाराने १८८६ मध्ये जो मार्ग धरला तो ह्याहून निराळा नव्हता.