सराव-मैदानाचे जाळे : बिघाडाची जागा कशी ठरवावी

सराव-मैदानावर रोबोट हलेनासा झाला की एकाचा हात रेडिओच्या बटणाकडे जातो, दुसरा लॅपटॉप रीस्टार्ट करतो, तिसरा स्विचमधली केबल काढून पुन्हा खोचतो. तेवढ्यात रोबोट चालू झाला तर सगळे मोकळे होतात. यांपैकी कशाने काम झाले हे मात्र कुणालाच कळलेले नसते, म्हणून तोच बिघाड पुढच्या फेरीत पुन्हा उभा राहतो. बिघाड दुरुस्त करण्याआधी त्याची जागा ठरवावी लागते. जागा ठरवणे हे अंदाजाचे काम नाही, त्याला क्रम आहे. या लेखात तो क्रम मांडायचा आहे.

उदाहरणासाठी फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनचे मैदान घेऊ. शाळकरी मुलांची ही स्पर्धा अमेरिकेत १९९२ साली सुरू झाली. मुंबईचे संघही तिच्यात उतरले आहेत. तीन-तीन रोबोटांच्या दोन आघाड्या, म्हणजे मैदानात एकाच वेळी सहा रोबोट, आणि सामना साधारण अडीच मिनिटांचा. अधिकृत स्पर्धेत जाळ्याची यंत्रणा आयोजकांची असते. स्वतःचे मैदान उभारणारे अनेक जण ‘चीझी अरीना’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या संघ क्रमांक २५४ ने ते लिहिले आहे.

आदेशाचा प्रवास असा. चालकाच्या लॅपटॉपवर ‘ड्रायव्हर स्टेशन’ हा प्रोग्रॅम चालतो. तो साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट सोडतो. ते केबलने स्विचमध्ये, तिथून ॲक्सेस पॉइंटमध्ये, मग हवेतून रोबोटवरच्या रेडिओत आणि शेवटी रोबोरिओ या नियंत्रकात पोहोचते. पॅकेटे थांबली की रोबोट आपोआप थांबतो. ती सुरक्षेची सोय आहे. याच केबलवरून लॅपटॉपचे आणखी एक बोलणे चालू असते, ते सामना चालवणाऱ्या संगणकाशी. स्वयंचलित टप्पा केव्हा सुरू झाला, केव्हा संपला, हे तो संगणक सांगतो. ही दोन बोलणी वेगळी आहेत, हे ज्याच्या डोक्यात पक्के बसले त्याचे निम्मे काम झाले. रोबोटशी संपर्क आहे पण मैदानाशी नाही, आणि मैदानाशी आहे पण रोबोटशी नाही, या दोन तक्रारींची मुळे सहसा निरनिराळ्या ठिकाणी असतात.

म्हणून पहिला प्रश्न : बिघाड एकाचा आहे की सगळ्यांचा? सहाही लॅपटॉपांना आपापला रोबोट दिसतो, मैदान मात्र एकालाही दिसत नाही, तर रोबोटांना हात लावण्याचे कारणच नाही. सामना चालवणाऱ्या संगणकाचा पत्ता १०.०.१००.५ असावा लागतो. तो तसा आहे का आणि त्या संगणकाची फायरवॉल लॅपटॉपांना आत घेते का, एवढेच पाहायचे. उलट सहाही रोबोट एकदम दिसेनासे झाले तर ॲक्सेस पॉइंट किंवा त्याची स्विचकडे जाणारी केबल तपासायची.

एकाचाच बिघाड असेल तर दुसरा प्रश्न : तो लॅपटॉप लावायच्या जागेचा आहे की संघाचा? त्या संघाला शेजारच्या जागेवर बसवावे, अर्थात सॉफ्टवेअरमध्येही तसा बदल करून. बिघाड संघाबरोबर गेला तर तो लॅपटॉपात किंवा रोबोटात आहे. जुन्या जागीच राहिला तर तो मैदानाचा. या अदलाबदलीला दोन मिनिटे लागतात आणि नंतरचा अर्धा तास वाचतो. तरीही लोक ती का टाळतात, हे मला कधीच उमगलेले नाही.

बिघाड जागेचा ठरला तर संशय स्विचवर जातो. सहा संघांची रहदारी एकमेकांत मिसळू नये म्हणून प्रत्येक जागेला स्वतंत्र व्हीलॅन दिलेले असते : लाल आघाडीला १०, २०, ३०, निळीला ४०, ५०, ६०. ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या एकाच केबलवरून ही सहाही व्हीलॅन जावी लागतात. त्या केबलच्या पोर्टच्या यादीत ५० हा आकडा लिहायचा राहून गेला, तर निळ्या आघाडीची दुसरी जागा कायम मुकी राहते आणि बाकी पाच ठणठणीत चालतात. आणखी एक फसवा प्रकार आहे. केबल लावताच पोर्टचा दिवा लागतो, पण लॅपटॉपला अर्ध्या मिनिटापर्यंत पत्ताच मिळत नाही. इथे काहीच बिघडलेले नसते. जाळ्यात कुठे वेटोळे तर नाही ना, याची खात्री स्विच करून घेत असतो. स्पॅनिंग ट्रीच्या जुन्या पद्धतीत त्याला १५-१५ सेकंदांचे दोन टप्पे लागतात. लॅपटॉपांच्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ चालू केले की ही वाट पाहणे संपते.

बिघाड संघाचा ठरला तर पत्त्यांपासून सुरुवात करावी. पत्ता संघाच्या क्रमांकावरून बनतो. २५४ क्रमांकाच्या रोबोटाचा रेडिओ १०.२.५४.१ वर आणि रोबोरिओ १०.२.५४.२ वर. १५०३ क्रमांकाचे आकडे १०.१५.३ असे होतात, मधला शून्य गळतो. मैदानावर लॅपटॉपला पत्ता स्विचकडून आपोआप मिळतो, शेवटचा आकडा २० ते १९९ यांच्या दरम्यानचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे.

हाताने पत्ता घातलेल्या लॅपटॉपची एक खोड जरा जवळून पाहण्यासारखी आहे. मुलांनी कार्यशाळेत १०.२.५४.५ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क घातला, गेटवेची जागा कोरी सोडली. कार्यशाळेत सगळे छान चालते. मैदानावर रोबोटही दिसतो, कारण तो त्याच छोट्या जाळ्यात आहे. पण १०.०.१००.५ हा पत्ता त्या मास्कच्या बाहेरचा. बाहेर जायचे तर गेटवे हवा, आणि तो तर दिलेलाच नाही. म्हणून रोबोट हिरवा आणि मैदान लाल. यावर मास्क २५५.०.०.० करावा, किंवा हाताने घातलेला पत्ता काढून टाकावा. मी दुसरा मार्ग सुचवतो; पुढच्या खेपेला विसरण्यासारखे काही मागे उरत नाही.

यानंतर लॅपटॉपवरून ओळीने पिंग करावे. आधी गेटवे, म्हणजे शेवटी ४ असलेला पत्ता, मग रेडिओ, मग रोबोरिओ. उत्तर जिथे बंद होते त्याच्या अलीकडचा रस्ता ठीक आहे. गेटवे बोलतो, रेडिओ नाही : मग त्या रेडिओत दुसऱ्याच स्पर्धेची किल्ली राहिलेली असू शकते, या मैदानासाठी तो नव्याने प्रोग्रॅम करून घ्यावा. रेडिओ बोलतो, रोबोरिओ नाही : मधली छोटी केबल पाहावी. तिन्ही बोलतात, तरी ड्रायव्हर स्टेशनवर संपर्काचा दिवा लाल : लॅपटॉपची फायरवॉल किंवा तिथे भरलेला चुकीचा संघक्रमांक. लॅपटॉपचे वायफाय बंद आहे ना, हेही पाहून घ्यावे.

राहिला चालता चालता थांबणारा रोबोट. सगळ्यात जास्त अन्याय याच बिघाडावर होतो, कारण त्याला हमखास ‘सिग्नल गेला’ म्हटले जाते. मोटारींनी एकदम जोर लावला की बॅटरीचा दाब कोसळतो. पहिल्या पिढीच्या रोबोरिओवर तो ६.३ व्होल्टच्या खाली गेला की मोटारींचे आदेश बंद होतात, पण नियंत्रक जागा असतो आणि संपर्क टिकतो. रोबोट थबकला, दिवा मात्र हिरवाच, तर दोष बॅटरीचा, तिच्या जोडणीचा किंवा मोटारींवर पडणाऱ्या भाराचा. दिवा लाल झाला आणि बऱ्याच वेळाने परत आला, तर रेडिओची वीज क्षणभर तुटून तो पुन्हा सुरू झाला असण्याची शक्यता मोठी. जुन्या ओपनमेश रेडिओची गोल पिन धक्क्याने सैल व्हायची, आणि रेडिओ परत उभा राहीपर्यंत सामन्याचा मोठा भाग निघून जायचा. ड्रायव्हर स्टेशनच्या नोंदींत व्होल्टेज आणि हरवलेली पॅकेटे एकाच आलेखावर दिसतात. तो आलेख न पाहता हवेतल्या लहरींना दोष देऊ नये.

लहरींचा दोष कधीच नसतो, असे नाही. २०२५ च्या हंगामापासून अमेरिकेतल्या मैदानांवर ६ गिगाहर्ट्झवर चालणारे व्हीएच-१०९ रेडिओ आले. त्या पट्ट्यात गर्दी कमी, पण लहरी भिंतीतून आणि धातूतून जायला नाखूश. रेडिओ ॲल्युमिनियमच्या चौकटीत पुरून ठेवला तर तक्रार होणारच. तरीही हा संशय यादीत शेवटचा असावा, कारण बाकीचे सगळे आधी मोजून पाहता येते.

मैदान उभारणाऱ्यांना एक विनंती. मुले आठवडेच्या आठवडे खपून रोबोट आणतात. तुमच्या स्विचमधल्या एका राहून गेलेल्या आकड्याची किंमत त्यांनी का मोजावी? नक्की चालतो असा एक लॅपटॉप आणि एक रेडिओ बाजूला ठेवा, आणि पहिला रोबोट आत येण्याआधी ती जोडी सहाही जागांवर फिरवून, प्रत्येक जागेचा निकाल कागदावर लिहून घ्या.