सोळा आणे माती

आपल्या सीमाभागातील मातीचा पहिला पद्धतशीर नकाशा शेतकऱ्यासाठी झाला नाही, तो झाला शेतसाऱ्यासाठी. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने बसवलेला सारा रयतेला झेपेना, गावेच्या गावे ओस पडू लागली. तेव्हा १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी सुरू केली. पुढे दक्षिण मराठा मुलखाची, म्हणजे धारवाड-बेळगावकडची, मोजणी विंगेट यांच्याकडे आली. १८४७ साली या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात पक्के झाले. आपल्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर हे त्याच मोजणीचे अपत्य.

या पद्धतीतील प्रतबंदी आजच्या वाचकाने मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. कारकून शेताचा कच्चा आराखडा काढी, त्यावर रेघा मारून सारखे चौकोन पाडी आणि प्रत्येक चौकोनात माती उकरून तिची खोली हाताने मोजी. पावणेदोन हात खोल काळी माती ती सोळा आणे. खोली कमी होईल तसे आणे उतरत. अशा नऊ प्रती होत्या. शिवाय सात दोष ठरवले होते: चुनखड, वाळू, उतार, मातीचा विस्कळीतपणा, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुपणे आणि जमिनीत पाझर राहणे. प्रत्येक दोषाला एक खूण आणि प्रत्येक खुणेमागे जमीन एक प्रत खाली. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कुदळ आणि कागद घेऊन केलेली ही चौकोनी मांडणीच होय. आज संगणक तेच करतो, फक्त चौकोन आकाशातून पाडतो.

मात्र त्या नकाशाची नजर सरकारची होती. जमीन किती देऊ शकेल एवढेच तो विचारी. पीक जमिनीतून काय घेऊन जाते आणि तिला काय परत द्यावे लागेल, हा प्रश्न त्यात नव्हता. शिवाय बंदोबस्त तीस वर्षांचा. माती तेवढा काळ आहे तशीच राहते, असेच जणू गृहीत धरलेले.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि एकाच प्रतबंदीखालची गावे दोन दप्तरांत गेली. कागल तालुक्याकडे सातबारा राहिला, निपाणीकडे उतारा कानडी झाला. परंतु वेदगंगा आणि दूधगंगा यांना हे ठाऊक नाही. त्या कोल्हापूर जिल्ह्यातून येतात, आपल्या शिवारातून वाहतात आणि त्यांचे पाणी कृष्णेला मिळते. त्यांच्या काठी ऊस वाढला, पाणी वाढले आणि निचरा नसलेल्या जमिनीत खालचे क्षार वर चढले. आपण तिला क्षारपड म्हणतो. जुन्या कारकुनाच्या सात दोषांपैकी न मुरणारे पाणी आणि पाझर हे दोन तिथे एकत्र आलेले दिसतात. पण आता ते बव्हंशी आपल्या पाटपाण्याने आणलेले आहेत.

हे दोष आकाशातून दिसतात. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली वर गेला. आपला आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोराने परत फेकते. पीक रोगट झाले की हा फरक घटतो. जमिनीवर फुटलेले मीठ पांढरे चमकते, पाणथळ जागा काळसर दिसते. नागपूरला १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने राज्याराज्यांचे मातीचे नकाशे केले. मात्र ते एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर या प्रमाणाचे. त्यावर आपले गाव नखाएवढे आणि आपले शेत कुठेच नाही.

आणि एक मर्यादा लक्षात ठेवावी. उपग्रहाला मातीतील स्फुरद, पालाश, जस्त नेमके मोजता येत नाहीत. त्यासाठी फावडे हवेच. कर्नाटकात २००९ साली सुरू झालेल्या 'भूचेतना' कार्यक्रमात इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी मातीचे नमुने तपासले. गंधक, जस्त आणि बोरॉन यांची कमतरता मोठ्या प्रमाणात आढळली आणि २०११ साली राज्याच्या जमिनीच्या सुपीकतेचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. २०१५ साली केंद्राची मृदा आरोग्य पत्रिका आली. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा बारा गोष्टी तिच्यावर असतात. पण नियमानुसार नमुना बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकोनातून एक, तर जिरायतीत दहा हेक्टरांतून एक. आपल्याकडे अडीच हेक्टरांत चार भावांच्या वाटण्या बसतात. तेव्हा पत्रिका हाती आली म्हणजे आपल्याच बांधातली माती तपासली गेली, असे समजू नये. शंका असेल तर आपला नमुना वेगळा द्यावा.

शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली छिद्रे असलेले पाइप घातले, पाण्याला वाट करून दिली आणि क्षारपड जमिनी पुन्हा पिकाखाली आणल्या. यातला धडा उघड आहे. नकाशा दुखणे दाखवतो. उपचार मात्र सगळ्या शिवाराने मिळून करावा लागतो, कारण एकट्याच्या पाइपातले पाणी शेजाऱ्याच्या बांधाशी अडते. मग तो बांध दोन राज्यांचा असला तर?

आपल्या घरांसमोर आणखी एक अडचण आहे. पत्रिकेवर 'मण्णु आरोग्य चीटि' असे कानडीत लिहिलेले असते आणि ती आजोबांच्या ट्रंकेत न वाचता पडून राहते. मातीच्या बाबतीत आपल्या माणसांनी भाषेची अडचण कधी मानली नव्हती. आपण काळी म्हणतो, शेजारी एरी म्हणतो. त्याची मसारी कोणती हे आपल्याही गड्याला कळते. मराठी शाळेत शिकणारी आपली मुले कानडीही वाचतात. त्यांनी त्या बारा ओळी घरात मोठ्याने मराठीत वाचून दाखवाव्यात आणि कागलकडच्या पाहुण्याच्या पत्रिकेशेजारी ठेवून पाहाव्यात. एकाच नदीकाठच्या दोन मातींचे आकडे शेजारी शेजारी आले, तर कोणत्याही दप्तरात नसलेला नकाशा आपल्या घरात तयार होईल. तोही मातीची प्रत ठरवील. पण या वेळी सारा वसूल करण्यासाठी नव्हे, तर आपण मातीचे किती देणे लागतो ते कळण्यासाठी.